नवमीची सवाष्ण

साहेबांनी माझं नाव पिंकी ठेवलं तेव्हा मी म्हणाले होते, सर, अठ्ठावीस वर्षांच्या घोडीला पिंकी कोण म्हणेल? कृष्णकांत साहेब फाइलीतून मान वर न काढता म्हणाले, "महालात दर तिसऱ्या घरात एक पिंकी आहे, मयुरी. कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही." त्यांचं खरं होतं. पाच महिने मी नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत पिंकी म्हणून राहिले आणि मला कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. एक रंभाबाई सोडून.

मी नागपूर पोलिसात शिपाई आहे. मुलींची विक्री पकडणाऱ्या पथकात. रंभाबाईचं महालात बांगड्यांचं दुकान होतं आणि ती लग्नं जुळवायची. म्हणजे गरिबाघरची मुलगी हेरायची, आईबापांना सांगायचं की मुलगा परराज्यातला आहे पण सोन्यासारखा आहे, हुंडा नको, खर्चही तेच करतील. मुलगी एकदा गाडीत बसली की ती कोणाच्या घरी गेली, पुढे कोणाला दिली, हे देवालाही सापडू नये. तीन तक्रारी होत्या. तिन्ही आईबापांनी कोर्टात जबाब फिरवला, कारण आपणच मुलगी दिली हे चारचौघांत कोण सांगणार. म्हणून साहेबांना तिच्या घरात उठबस करणारं माणूस हवं होतं.

साहेबांना जे माहीत नव्हतं ते असं, की चौथी मुलगी माझी सख्खी बहीण होती. तिची तक्रार कुठं लिहिलीच गेली नव्हती.

कामिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही उमरेडचे, विणकरांच्या घरातले. बाबा माग चालवायचे, आई कांड्या भरायची. बाबा गेल्यावर माग बंद पडला आणि आई लोकांच्या साड्यांना फॉल लावू लागली. सहा वर्षांपूर्वी मी भरतीत लागले, नागपूरला ट्रेनिंगला आले, आणि त्याच उन्हाळ्यात कोणाच्या तरी ओळखीनं रंभाबाई आमच्या घरी चहा पिऊन गेली. महिन्याभरात लग्न. मला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. देवळातलं लग्न, नवऱ्याकडचे चारच जण, आणि रंभाबाई त्या दिवशी आलीच नाही, पाय मुरगळला म्हणे. त्यामुळे तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. चार महिने कामिनीचे फोन आले, मग बंद झाले. पत्त्यावर गेलो तर तिथं त्या नावाचं घर नव्हतं. ठाण्यात गेलो तर तिथले म्हणाले, लग्न झालेली मुलगी सासरी आहे, यात गुन्हा कुठला? मी तेव्हा खाकीतच होते. खाकीतल्या माणसाला खाकीतल्या माणसानं हात हलवत परत पाठवलं.

आई म्हणायची, रुसली असेल. सहा वर्षं आई "कामिनीला कारलं आवडत नाही" असंच म्हणायची, "आवडत नव्हतं" असं एकदाही नाही. मी तिच्यावर चिडायचे, पण मी तरी काय वेगळी होते. कामिनी माझी वेणी इतकी घट्ट घालायची की माझे डोळे तिरपे व्हायचे, आणि मी ओरडले की पाठीत एक धपाटा. ट्रेनिंगला केस कापले तेव्हा डोकं एकदम हलकं झालं, आणि ते हलकेपण मला नको होतं. बाकीच्या मुली आरशासमोर हसत होत्या, मी संडासात जाऊन रडले. अजूनही बसमध्ये एखादी बाई पाठमोरी बसलेली असते, मान जरा डावीकडे झुकलेली, आणि मी माझा स्टॉप सोडून तिच्या मागे जाते. अठ्ठावीस वर्षांची पोलीसवाली. लाज वाटते, पण जाते.

साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला या कामावरून काढलं असतं. म्हणून नाही सांगितलं. रंभाबाईच्या हातात बेड्या पाहायच्या होत्या हे खरं, जमलं तर दोन ठेवूनही द्यायच्या होत्या. पण त्याच्याआधी मला एकच गोष्ट हवी होती. कामिनी कुठं आहे?

माझं सोंग असं ठरलं. नवरा सुरतला पळाला, मी इतवारीतल्या साडीच्या दुकानात घड्या घालते, महालात एक खोली घेऊन राहते. इतवारीतूनच एक खोटं मंगळसूत्र घेतलं. खोटं बोलायला मला कोणी शिकवावं लागलं नाही, आई सांगते की मी बोलायला लागले तीच खोटं. पहिल्या आठवड्यात मी रंभाबाईच्या दुकानात बांगड्या भरायला गेले. तिनं माझा हात धरला, बोटं दाबली आणि बांगडी चढवता चढवता विचारलं, "नवरा मारत होता का वं?"

"काहून?"

"हात ताठ धरतेस. मार खाल्लेली बाई हात असाच धरते."

पोलीस ट्रेनिंगमधली कवायत होती ती. मी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी तिच्याकडे. ती दातांना तंबाखूची गुडाखू घासत ओट्यावर बसायची आणि मी आत मापाप्रमाणे बांगड्या लावायचे. साठीची बाई, नाकात मोठी चमकी, गल्लीतल्या प्रत्येकाला नाव ठेवलेलं. समोरच्या नत्थूजींना ती "बंद घड्याळ" म्हणायची, कारण ते दिवसातून दोनदाच खरं बोलायचे. मी पोट धरून हसायचे आणि मग खोलीवर येऊन स्वतःला शिव्या द्यायचे. मला ताप आला तेव्हा तिनं तीन दिवस पेज आणून दिली. उशाशी बसून ती माझं कपाळ दाबायची आणि मी डोळे मिटून मनात म्हणायचे, हेच हात, हेच हात. तरी कपाळाला बरं वाटायचं. मला ती आवडायला लागली होती. चीड येण्यासारखी गोष्ट आहे, पण आहे ती आहे.

एकदा मी मुद्दाम म्हणाले, "मावशी, माहं पण पाहा ना एखादं घर. तुमी इतक्यायचे लग्न जुळवता."

तिनं गुडाखूची पिंक टाकली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुले नाई पाठवत मी कोठी. तू इथिसाच राह्य."

भाद्रपदात तिनं एका खेड्यातली मुलगी आणली. पुष्पलता, एकोणीस वर्षांची. बापाला वाटत होतं, पितृपक्ष सरला की मुलाच्या गावी लग्न आहे. मुलीलाही तसंच वाटत होतं, ती माडीवर बसून हाताच्या मेंदीचे नमुने फोनवर पाहायची. घेणारी माणसं नवमीला दुपारी तीन वाजता येणार आणि संध्याकाळच्या गाडीनं तिला नेणार, हे मी साहेबांना कळवलं. ठरलं असं, की ती माणसं घरात शिरली की मी एक मिस कॉल द्यायचा. गल्लीच्या दोन्ही तोंडांना सकाळपासून आमची माणसं राहतील.

आदल्या दिवशी रंभाबाई म्हणाली, "पिंके, उद्या जेवाले माह्याकडं ये. सकाळी डोक्यावरून न्हाऊन ये. उपाशी."

"काय हाय उद्या?"

"अविधवा नवमी नाई का. सवाष्ण पाहिजे."

पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालतात. तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या, पोटभर जेवू घालायचं. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. आमच्याकडेही आत्याच्या नावानं असायचं. मला वाटलं रंभाबाईची सासू असेल, जाऊ असेल. तीनच्या आधी त्या घरात बसायला यापेक्षा चांगलं निमित्त कोणतं, म्हणून मी आनंदानं हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास गेले. घरभर तळणीचा वास. तिनं मला पाटावर बसवलं, माझे पाय परातीत घेतले आणि तांब्यानं पाणी घालून धुतले. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मला अवघडल्यासारखं झालं, मी पाय ओढून घेत होते तर तिनं घोट्यावर चापट मारली. मग पदरानं पाय पुसले, कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं आणि डोळे मिटून म्हणाली, "कामिनी, ये माय. जेवून घे."

सहा वर्षं मी एक प्रश्न घेऊन हिंडत होते आणि त्याचं उत्तर मला न विचारता मिळालं. ते उत्तर माझ्या कपाळावर होतं. तांब्या माझ्या हाताशीच होता, पितळेचा, जड. तो उचलून तिच्या टाळक्यात घालावा असं मनात आलं, आणि खरं सांगते, हात तांब्यापर्यंत गेलाही. माडीवर पुष्पलता कुठलंसं गाणं लावून बसली होती. मी तांब्या उचलला आणि पाणी प्याले.

"कोण कामिनी?" मी विचारलं.

"होती एक. उमरेडची." ती पान वाढू लागली. वडे, कोहळ्याची भाजी, खीर, अळूच्या पातोड्या. "पाच वर्षं झाली, दरसाल घालतो मी तिच्या नावानं. यंदा तूच पाहिजे होती मले. तू तिच्यासारखीच जेवतेस वं. आधी भाजी संपवते, मंग कोरडा भात खाते. येड्यासारखं."

"तिच्या घरच्यायनं घालावं ना."

"त्यायले कोठी मालूम हाय ते मेली म्हणून? त्यायच्यासाठी जित्ती हाय ते. मंग तिले कोण जेवू घालन?"

असं ती अगदी सहज म्हणाली, जशी एखादी बाई शेजारणीच्या तुळशीला पाणी घालते आणि सांगते की त्या गावाला गेल्यात. मला ओरडायचं होतं की बये, त्यांना माहीत नाही कारण तू सांगितलं नाहीस. आणि त्याच वेळी, देवाशपथ, मला तिचे पाय धरावेसे वाटले. कारण माझ्या आईनं, मी, आम्ही कोणीच सहा वर्षांत कामिनीच्या नावानं एक घास बाजूला काढला नव्हता. हिनं काढला होता.

"खा ना वं. पान थंड करू नये."

मी घास घेतला. ती समोर बसली आणि वाढता वाढता बोलू लागली. मी फक्त "मंग?" म्हणत राहिले. लग्नानंतर पाचव्या महिन्यात एका सकाळी कामिनी या दारात उभी होती. पायात चप्पल नव्हती. मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा गावातून ट्रकवाल्यांच्या मेहेरबानीनं आली होती.

"मी म्हटलं, उमरेडले जा माय, इथं काहून आली. त म्हणे, आई मरन मले अशी पाहून. आंगावरचे वण जाऊ द्या, मंग जातो. अकरा दिस राहिली इथिसा. या तुह्या पाटाच्या जागी तिचं अंथरूण होतं."

उमरेड इथून बसनं दीड तास. आणि मी त्या अकरा दिवसांत कुठं होते? याच शहरात, ट्रेनिंगच्या मैदानावर, डावा-उजवा करत होते.

"बहिणीले फोन लावते म्हणे. माह्याच फोनवरून दोनदा लावला, कोणी उचललाच नाई. म्हणे, माही बहीण पोलीस होऊन राहिली. लय तापट हाय. ते आली म्हणजे तुमाले अन त्यायले, साऱ्यायले एका रस्सीत बांधून नेईन." रंभाबाई हसली आणि पदरानं डोळे पुसले. "मी म्हटलं, येऊ दे. आली नाई बापा कोणी."

ट्रेनिंगमध्ये आमचे फोन दिवसभर पेटीत कुलूपबंद असायचे. रात्री तासभर मिळायचे. अनोळखी नंबरांना मी परत फोन करत नव्हते. आईला एक फोन आणि मग झोप. त्या झोपेचं मी काय करू, मला अजून कळलेलं नाही.

"मंग गेली कशी?"

"त्यायचा फोन आला. ते धमक्या देत होते. मले बी वाटलं, नवरा-बायकोचं हाय, होईन ठीक. मीच सांगतलं इथं हाय म्हणून. अकराव्या दिशी घेऊन गेले. महिना बी नाई झाला, निरोप आला, विहिरीत पडली." तिनं माझ्या पानात आणखी एक वडा ठेवला. "पडली का ढकलली, देव जाणे. निघतानी मी तिले पोटभर जेवू घातलं होतं. तेवढंच."

मी गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. ते मी मनात कोरून ठेवलं. माझ्या फोनमध्ये आवाज भरला जात होता, पण पोलिसाजवळ दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. पोलीस म्हणून माझं काम तिथं संपलं होतं. आता तीन वाजेपर्यंत गप्प बसून राहायचं होतं. पण मी गप्प बसले नाही. मला अकरा दिवस हवे होते. माझ्या बहिणीचे शेवटचे अकरा दिवस या बाईच्या डोक्यात होते आणि जगात दुसरीकडे कुठंही नव्हते.

"पहिल्या दिशी काय केलं तिनं?" मी विचारलं.

तिला नवल वाटलं, पण बरंही वाटलं असावं. इतक्या वर्षांत तिला तरी हे कोणी विचारलं होतं? पहिला दिवस कामिनी झोपली, दिवस मावळला तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशी ताप. तिसऱ्या दिवशी ताप, पण चहा मागितला, आलं जास्त घालून. चौथ्या दिवशी केस धुतले आणि गुंता काढायला रंभाबाईला बसवलं. पाचव्या दिवशी वाटलेल्या डाळीचे कढी-गोळे केले. "मले शिकवले. म्हणे, आमच्या आईचे गोळे कढीत फुटत नाईत. हे घे, तिच्याच हातचे समज."

तिनं माझ्या पानात कढी-गोळे वाढले. आईच्या हातची चव होती. मोहरी थोडी जास्त झालेली, तीसुद्धा आईसारखीच. मी भात कालवला आणि खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं, मी म्हणाले तिखट आहे. कामिनी जेवत होती. मी म्हणजे नुसतं तोंड होते. सहा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या इतक्या जवळ होती आणि मला ते जेवण संपायला नको होतं.

"अन सहाव्या दिशी?"

रंभाबाईनं तोंड उघडलं, आणि बाहेर गाडी थांबली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती माणसं पन्नास मिनिटं आधी आली होती. दोघं पुरुष आणि एक बाई सरळ आत आले, रंभाबाईला नमस्कार केला आणि जिना चढून माडीवर गेले. पुष्पलतानं गाणं बंद केलं.

कोणी म्हणेल, यात विचार कसला करायचा? मिस कॉल द्यायचा. पण मी केला विचार. संध्याकाळची गाडी होती, त्यांना निघायला अजून तासभर होता. स्टेशनावर पकडता आलं असतं. तेवढ्या तासात सहावा दिवस ऐकता आला असता, कदाचित सातवाही. माडीवरून ती आलेली बाई पुष्पलताला म्हणाली, "चप्पल राहू दे, नवी घेऊ." ते ऐकलं आणि मी हातातला घास पानात ठेवला.

रंभाबाईनं विचारलं, "पोट भरलं का वं? अजून वाढू?"

"वाढा," मी म्हणाले. ती भांड्याकडे वळली आणि मी डाव्या हातानं मांडीखालचा फोन दाबला.

दोन मिनिटांत सगळं उरकलं. आमची माणसं आत आली, माडीवरच्या तिघांना खाली आणलं. पुष्पलता मलाच शिव्या देत होती, तिचं लग्न मोडलं म्हणून. रंभाबाईच्या हातात पळी तशीच होती. मी उठले, उष्ट्या हातानं उभी राहिले आणि साहेबांना माझ्या खऱ्या नावानं हजर आहे म्हणाले.

गाडीत ती माझ्यासमोर बसली. तिनं आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग कपाळाकडे. "तू पोलीस हाय. म्हणजे नवरा बी खोटा?"

"लग्नच नाही झालं माझं."

"म्हणजे तू सवाष्ण नाईस," ती हळू म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदा उतरला, बेड्या घालताना उतरला नव्हता. "मंग ते यंदा उपाशीच राहिली वं."

"मी तिची बहीण आहे," मी म्हणाले. "ती तापट."

तिनं तोंड मिटलं. त्या दिवसापासून आजपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

साहेबांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ते टेबलावर हात आपटून दहा मिनिटं बोलले आणि प्रत्येक शब्द मला लागू होता. मग त्यांनी चहा मागवला आणि मला तपासातून काढलं. आता मी या प्रकरणात फक्त साक्षीदार आहे. पथक त्या गावाला जाऊन आलं. विहीर आहे. नवरा आहे, त्याच्या घरात दुसरी बाई आहे. कामिनी पळून गेली असं तो सांगतो. तपास चालू आहे, आणि तो किती वर्षं चालू राहील हे मी पोलीस असल्यामुळे मला नीट माहीत आहे.

आईला सांगायला मी उमरेडला गेले. ती फॉल लावत होती. मी सांगून संपवलं तरी तिनं सुई खाली ठेवली नव्हती. रडली नाही. तिनं विचारलं, "काय काय रांधलं होतं?" मी एकेक पदार्थ सांगितला. गोळे फुटले नव्हते, हेही सांगितलं. मग पाच दिवस सांगितले. ते तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतले. आणि मग म्हणाली, "त्या बाईले फाशी झाली पाहिजे. मी जिवंत असतानी झाली पाहिजे."

पण राहिलेले सहा दिवस आम्हा दोघींना स्वस्थ बसू देईनात. मी आमच्या पथकातल्या मुलींना विचारून पाहा म्हटलं, रंभाबाई त्यांच्यासमोरही गप्प. मी साक्षीदार, मला जाता येत नव्हतं. शेवटी दिवाळीनंतर आई म्हणाली, मी जातो जेलात. नियमानं तिनंही जायला नको होतं, पण मी थांबवलं नाही. निघताना ती म्हणाली, "पहिले तिच्या तोंडावर थुंकीन, मंग विचारीन."

मी तिला जेलच्या दारापर्यंत सोडलं आणि बाहेर टपरीवर उभी राहिले. वीस मिनिटांची भेट. आई पाऊण तासानं बाहेर आली. बस मिळाली, खिडकीशी बसली, दिघोरी जाऊन शहर मागे पडलं. मला राहवेना.

"थुंकलीस का?"

"मधात काच हाय वं."

"मग? बोलली का ती?"

"बोलली." आईनं पदर नीट केला. "सहाव्या दिशी तिच्या गच्चीवर माकडं आली. एकानं रंभाबाईचा परकर उचलला अन डोक्यावर घेऊन बसलं. नवरीसारखं. आपली कामिनी हसली म्हणे. इतकी हसली का खाली बसली, पोट धरून. दिवसभर आठवून आठवून हसत होती."

हे सांगता सांगता आईच हसायला लागली. सहा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. आई तोंडावर पदर धरून हसत होती, आणि मग ते हसणं कुठं थांबलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मी तिचा हात धरला.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "आणि सातवा दिवस?"

"टाइम संपला. म्हणे पुढच्या महिन्यात ये, सातवा सांगतो."

बस थांबली, माणसं चढली. आई खिडकीबाहेर पाहत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले खोकला झाला हाय वं. लय बारीक झाली. आत औषध देत असतीन ना? तुह्या साहेबाले सांगून पाहा. पाच दिस बाकी हायेत अजून."

मी म्हणाले, सांगते.